मुंग्योची ६४ अर्ध्या कांड्यांची पेटी: रंग भरपूर, काळोख कमी

सॉफ्ट पेस्टलने, म्हणजे कोरड्या रंगीत कांड्यांनी, स्थिरचित्र (मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र) शिकायला बसणाऱ्याने पहिली पेटी कुठली घ्यावी? पुण्यात मिळणाऱ्या आणि खिशाला झेपणाऱ्या पेट्यांत मुंग्यो या कोरियन कंपनीची ६४ अर्ध्या कांड्यांची पेटी मला सर्वांत व्यवहारी वाटते. घ्यावी, पण तिच्यात काय नाही ते आधी समजून घ्यावं. झाकण उघडलं की नजर जाते गुलाबी, पोपटी, फिरोजी कांड्यांकडे. स्थिरचित्रात त्यांना फारसं काम नसतं. तिथे लागतात मळकट हिरवे, राखाडी, विटकरी, तपकिरी आणि जवळजवळ काळ्यात जमा होणारे निळे-जांभळे. म्हणून पेटी पारखताना एकूण रंग किती हे मोजू नका. गडद किती आणि मळके किती ते मोजा. या हिशेबाने ही पेटी पास होते, पहिल्या वर्गात येत नाही.

दुकानात नुसतं "पेस्टल द्या" म्हणू नका. अप्पा बळवंत चौकात शाळकरी मुलांची गर्दी, त्यात चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी पोरं. काउंटरवरच्या माणसाचा हात सवयीने ऑइल पेस्टलकडेच जातो. ते तेल-मेणाचे खडू, त्यांचं तंत्रच निराळं. "सॉफ्ट पेस्टल, कोरडे, भुकटी पडते ते" असं सांगा. शंका आली तर कागदावर एक रेघ ओढून बोटाने पुसा. रेघ भुकटी होऊन पसरली तर सॉफ्ट. चिकट चकाकी राहिली तर ऑइल. घरात ऑइल पेस्टल पडून आहेत म्हणून खालचा थर त्यांचा देऊ आणि वर सॉफ्ट चढवू, हा बेतही सोडून द्या. मेणावर भुकटी धरत नाही. आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या दिवसांत तिकडे फिरकू नका. वह्या-पुस्तकांच्या झुंबडीत पेटी उघडून दाखवायला कुणाला सवड नसते.

पेटी उघडून बघायलाच हवी. दोन-चार कांड्या तुटलेल्या निघाल्या तरी तक्रार करण्यासारखं काही नाही, पेस्टलची कांडी तुटूनच वापरली जाते. ओल लागलेली पेटी मात्र नको. कांडीवर पांढरट डाग, खालच्या फोमला कुबट वास, किंवा कांडी ओढली की रंगाऐवजी कागदावर ओरखडा, यातलं काहीही दिसलं तर दुसरी मागा. पावसाळ्यानंतर बरेच दिवस पडून राहिलेल्या मालात हे हमखास सापडतं.

आता कांड्यांबद्दल. चौकोनी, साधारण सव्वा इंच लांब, वरून कागद गुंडाळलेला नाही. अर्धी कांडी म्हणजे कमी माल असं वाटतं खरं, पण शिकणाऱ्याला हीच लांबी सोयीची. आडवी धरली की सव्वा इंच रुंद पट्टा एका हातात निघतो, आणि चौकोनी असल्यामुळे चार कडा चार रेघांसाठी मिळतात. गोल, जाड, कागद गुंडाळलेली पूर्ण कांडी हातात आली की नवखा माणूस ती पेन्सिलसारखी धरतो आणि रेघोट्या मारत बसतो. इथे तसं धरताच येत नाही. ही सवय लागण्यासाठीसुद्धा अर्ध्या कांड्या चांगल्या.

मऊपणा मध्यम आहे. पॅरिसच्या सेनेलियेसारखी लोण्यागत पसरणारी ही कांडी नाही आणि कोंतेच्या कांडीइतकी कडकही नाही. सुरुवातीच्या थरांना हा मधलाच स्वभाव बरा, कारण फार मऊ कांडी पहिल्या दोन हातांतच कागद भरून टाकते. शेवटच्या थराला मात्र मुंग्योची कांडी कमी पडते, त्याबद्दल पुढे.

काळोख कमी का, हे कांडी कशाची बनते यात दडलंय. रंगद्रव्य, भरणा आणि अगदी थोडा डिंक, एवढाच मामला. भरणा बहुधा खडूचा किंवा पांढऱ्या मातीचा असतो. महागड्या कांडीत रंगद्रव्य जास्त, विद्यार्थ्यांच्या कांडीत भरणा जास्त. भरणा पांढरा, त्यामुळे फिकट रंगांना त्याने काही बिघडत नाही. पिवळा, पिच, आकाशी हे स्वस्त पेटीतही झकास दिसतात. गडद रंगांत तोच पांढरेपणा वर येतो. गडद जांभळा कागदावर उतरला की धुरकट जांभळा होतो, गडद हिरव्यावर राख पसरल्यासारखी दिसते. वर आणखी थर दिला तरी तो गडद होत नाही, फक्त जाड होतो. वांग्याची सावलीची बाजू या पेटीतल्या जांभळ्याने कधीच पुरेशी काळी होणार नाही. दोष हाताचा नसतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला म्हणजे सुट्या कांड्यांची भरती. रॉयल टॅलेन्सच्या रेम्ब्रांट कांड्या सुट्या मिळतात का ते विचारा. प्रत्येक दुकानात मिळतील असं नाही. मिळाल्या तर वेष्टनावरचा आकडा वाचा. बिंदूनंतर ५ असेल तर शुद्ध रंग, ३ असेल तर काळा मिसळलेला, ७ पासून पुढे पांढरा वाढत जातो. आपल्याला ३ वाल्या हव्यात: एक निळा-जांभळा, एक हिरवा, एक तपकिरी. त्यांच्या जोडीला एखादी मळकट ऑलिव्ह आणि एक खूप मऊ, मळकट पांढरी किंवा क्रीम कांडी, ठळक चमक ठेवण्यापुरती. पाच कांड्या झाल्या. एवढ्याने ६४ ची पेटी जेवढी सुधारते तेवढी ६४ वरून १२० वर जाऊन सुधारत नाही.

दुसरा उपाय स्वस्तातला: कोळसा. गडद जागी आधी विलो चारकोलचा (विलोच्या काड्यांच्या कोळशाचा) पातळ थर, जादा भुकटी झटकून टाकायची, मग त्यावर पेटीतला जांभळा किंवा निळा हलक्या हाताने. खालचा काळा वरच्या रंगातून डोकावतो आणि राखेचा भास कमी होतो. नुसता काळा लावून मोकळं होऊ नका. चित्रात तिथे भोक पडल्यासारखं दिसतं.

तिसरा उपाय करड्या रंगांसाठी, आणि फारच थोडे लोक तो करतात. चित्राचा बोर्ड किंचित पुढे झुकवून ठेवला की भुकटी खाली पडते. बोर्डाच्या तळाशी ॲल्युमिनियम फॉइलची पन्हळ करून लावा. चार-पाच चित्रांत चमचा-दोन चमचे भुकटी जमते आणि ती बहुतेक वेळा सुंदर कोमट राखाडी असते. तुटक्या कांड्यांचा चुरा त्यात घालायचा, थेंब-थेंब पाणी टाकून घट्ट गोळा मळायचा, वर्तमानपत्रावर हलक्या हाताने वळून कांडी करायची. डिंक भुकटीत आधीचाच असतो, वेगळा घालायची गरज नाही. उन्हाळ्यात दोन दिवसांत वाळते, पावसाळ्यात आठवडा लागू शकतो. पाणी जास्त झालं तर वाळताना तडकते. मग पुन्हा चुरा करून पुन्हा वळायची. असे राखाडी रंग विकत घ्यायला गेलात तर बरेच पैसे जातील. फक्त मळताना हातमोजे घाला आणि स्वयंपाकघरातला खलबत्ता यात आणू नका.

पेटीपेक्षा कागदावर पैसे घालावेत, हे मत अनेकांना पटत नाही. पण साध्या कार्ट्रिज (ड्रॉइंगच्या) कागदावर रेम्ब्रांटही रडते आणि नीट दाणेदार कागदावर ही पेटीसुद्धा बोलते. सॉफ्ट पेस्टल कागदात मुरत नाही, कागदाच्या खाचांत अडकून बसतं. खाचा संपल्या की रंग संपला, मग कांडी कितीही महाग असो.

कॅन्सनचा मी-टाँत हा १६० जीएसएमचा (चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा) रंगीत कागद शिकणाऱ्यांना पुरेसा. त्याला दोन बाजू असतात. एका बाजूला मधमाशीच्या पोळ्यासारखी ठळक जाळी, दुसरी त्या मानाने बारीक. वापरायची ती बारीक बाजू. जाळीच्या बाजूवर पेरूसुद्धा बुट्टेदार दिसतो, आणि ती जाळी बुजवण्याच्या नादात चार थर वाया जातात. शीट उजेडात तिरपी धरली की बाजू लगेच कळते. फाब्रियानोचा तित्सियानोही याच वजनाचा, आणि तोही चालतो. रंग पांढरा घेऊ नका. मध्यम करडा किंवा मातकट तपकिरी घ्या. पांढऱ्या कागदावर प्रत्येक रंग असतो त्यापेक्षा गडद भासतो, त्यामुळे माणूस घाबरून सगळं चित्र फिकट ठेवतो.

या कागदावर चार-पाच थरांनंतर जागा संपते. जास्त थर हवे असतील तर घासकागदासारखा भुकटी धरून ठेवणारा पृष्ठभाग लागतो. क्लेअरफोंतेनचा पेस्टलमॅट उत्तम आहे, ३६० जीएसएमचा, पण शिकताना त्याची किंमत बघून हात आखडतो. सरावाला बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानातला ४०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे बारीक घासकागद, घ्या. काळा-करडा, साधारण ९ बाय ११ इंची तुकडा मिळतो, गडद पार्श्वभूमी आयतीच. तो वर्षानुवर्षं टिकवायच्या चित्रासाठी नाही हे लक्षात ठेवा. शिवाय त्यावर बोटाने रंग पसरवू नका, कातडी सोलून निघते. आणि अर्ध्या कांड्या तो भराभर खातो.

टिकाऊ पृष्ठभाग घरी करता येतो. दोन भाग ॲक्रिलिक जेसो (चित्राखाली द्यायचा पांढरा अस्तर-रंग), एक भाग बारीक संगमरवरी भुकटी, अर्धा भाग पाणी, रंग येण्यापुरता तपकिरी ॲक्रिलिक. जाड माउंटबोर्डावर रुंद ब्रशने पहिला हात आडवा, रात्रभर वाळवून दुसरा उभा. बोर्ड वाळताना कमान धरतो, म्हणून पाठीलाही एक साधा हात द्यावा. भुकटीऐवजी रांगोळी वापरायचा मोह होईल, पण रांगोळीचे कण जाडेभरडे असतात आणि कांडीला ओरबाडतात.

पेटीचा खरा कस लागतो तो मांडणीवर. पुण्यात मांडणीचं सामान शोधायला कष्ट नाहीत. मंडईतून एक काळंभोर वांगं आणि दोन पेरू, घरातला किंवा जुन्या बाजारातून आणलेला पितळी तांब्या, खाली मांजरपाटाचा तुकडा. एवढ्या चार वस्तूंत चकचकीत धातू, चकचकीत काळं, मॅट फिकट आणि मऊ पांढरं असे चारही पोत येतात. तांब्याला पितांबरी लावून लख्ख करू नका. घासलेला तांब्या आरसा होतो, त्यात खिडकी, दिवा, चित्रकार आणि मागचं कपाटही दिसू लागतं. थोडा काळवंडलेला तांब्या काढायला सोपा आणि दिसायलाही भारदस्त. केळी घेऊ नका, दुसऱ्या दिवशी काळी पडतात. वांगं दोन दिवसांत सुरकुततं, म्हणून रंगवायला वांग्यापासून सुरुवात करा.

एकच दिवा ठेवा: डावीकडून, वस्तूंच्या वर, साधारण तीन फुटांवर. छताची ट्यूब बंद करा. दोन उजेड म्हणजे दोन पडछाया, आणि दोन पडछायांत नवखा माणूस हरवतोच. पंखाही बंद. उकाडा सोसावा लागतो, पण पंख्याखाली भुकटी घरभर होते आणि कापडाच्या घड्या हलत राहतात. स्वतः पाच-सहा फुटांवर बसा. जवळ बसलात की तांब्याचं तोंड वाजवीपेक्षा जास्त उघडं दिसतं.

आराखडा शिसपेन्सिलने काढू नका. ग्राफाइट गुळगुळीत असतं, त्यावर पेस्टल धरत नाही आणि रेघ वर चकाकत राहते. कोळशाची कांडी किंवा पेस्टल पेन्सिल वापरा. तांब्याला आधी मध्यरेषा, मग तोंडाचं आणि बुडाचं लंबवर्तुळ. डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेल्या भांड्याचं बूड तोंडापेक्षा जास्त गोल दिसतं, कारण ते नजरेपासून अधिक खाली असतं. बहुतेक जण बूड सपाट रेघेने कापतात आणि तोंडाला दोन टोकदार कोपरे काढतात. मग रंग कितीही चांगला लागो, तांब्या कागदातून कापून चिकटवल्यासारखा राहतो. ही चूक इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रापासून पिच्छा सोडत नाही.

रंगाला हात लावण्याआधी दोन बाय तीन इंचांचा एक छोटा नमुना कोळशाने करा, तीनच टोनांचा: काळा, मधला, कागदाचा. डोळे बारीक करून मांडणीकडे बघा. ज्या दोन जागा एकमेकींत मिसळून जातात त्या नमुन्यातही मिसळू द्या. वांग्याची सावलीची बाजू आणि तिची पडछाया बहुतेक वेळा एकच होतात. तिथे कड काढायची नाही.

मग पेटी. पहिले गडद रंग, कांडी आडवी, हात इतका हलका की कागद मधून-मधून दिसत राहील. वांग्याला खाली कोळसा, वर जांभळा, त्यावर उजेडाकडच्या बाजूला थोडा गडद निळा. तांब्याच्या सावलीला तपकिरी आणि त्यावर गडद हिरवा. दुसऱ्या फेरीत मधले टोन. तिसरीत उजळ जागा. चमक अगदी शेवटी, एकदाच दाबून, आणि पुन्हा तिथे हात नाही.

तांब्याच्या बाबतीत पेटीतल्या चकचकीत पिवळ्यापासून सावध राहा. पितळ पिवळं असतं हे डोक्यातलं ज्ञान; डोळ्यांपुढचं पितळ म्हणजे तपकिरी, मळकट ऑलिव्ह, गेरू आणि शेजारच्या पेरूचा थोडा हिरवा. खरा पिवळा लागतो तो चमकेच्या शेजारच्या एका अरुंद पट्टीपुरता. सगळीकडे लिंबूपिवळा फासला की तांब्या प्लास्टिकचा होतो. फ्रेंच चित्रकार शार्दँ याची तैलरंगातली भांड्यांची स्थिरचित्रं नेटवर मोठी करून बघा, तांबे धातूच्या भांड्यात झळझळीत नारिंगी किती कंजूषपणे वापरलाय ते दिसेल. गंमत म्हणजे म्हातारपणी, १७७० नंतर, डोळ्यांच्या त्रासामुळे त्याने पेस्टल हातात घेतलं तेव्हा भांडी सोडून माणसांचे चेहरेच काढले.

पेरूंना ही पेटी छान न्याय देते. पोपटी, फिका पिवळा, क्रीम, सगळं आयतं. फक्त मधल्या टोनमध्ये पोपटी फार ओरडतो. त्यावर फिक्या विटकरी कांडीच्या चार-पाच तिरप्या रेघा मारा. हिरव्यावर लाल छटा आली की रंग शांत होतो आणि पेरूला गोलाई येते. या रेघा बोटाने मिसळायच्या नाहीत. दोन हात लांबून डोळाच त्या मिसळतो.

मांजरपाटाला पांढरी कांडी लावू नका. उजेडातलं कापड क्रीम, सावलीतलं निळसर करडं, वांग्याजवळचं किंचित जांभळट. पांढरा राखून ठेवा तांब्याच्या चमकेसाठी. पेटीतला पांढरा बऱ्यापैकी दाट आहे, पण चार थर चढलेल्या जागी तो खालच्या रंगात मळतो. इथेच ती वर सांगितलेली मऊ क्रीम कांडी कामी येते: थेंबाएवढी दाबायची आणि उचलायची, घासायची नाही.

चित्र चिखल झालं, ही सर्वांत ठरलेली तक्रार, आणि तिचं कारण बहुधा बोट असतं. बोटाने चोळलं की भुकटी खाचांत घट्ट बसते, कातडीचं तेल लागतं, शेजारचे दोन विरोधी रंग एकत्र होऊन मातकट होतात. बोट वापरायचंच तर फक्त पार्श्वभूमीच्या पहिल्या थरात. दुसरं कारण म्हणजे कांडीच मळलेली असणं: पिवळ्या कांडीला निळी भुकटी लागलेली असते आणि पहिल्याच फटक्यात हिरवा ओघळ उमटतो. एका डब्यात वाटीभर तांदळाची कणी घ्या, कांड्या त्यात टाकून हलक्या हाताने घोळवा, चाळणीने काढा. कांड्या स्वच्छ होतात. कणी नंतर फेकून द्या, पाखरांनाही घालू नका.

कांडी घसरू लागली, रंग चिकटेना, पृष्ठभाग तुकतुकीत दिसू लागला, म्हणजे खाचा भरल्या. वर आणखी दाबून काही होत नाही. कडक केसांचा कोरडा ब्रश घेऊन ती जागा झटका, खालची छाया उरेल, तिच्यावर नव्याने रंग घ्या. फिक्सेटिव्हचा (भुकटी कागदाला धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) हलका फवारा दिल्यानेही थोडी खरखर परत येते, पण त्याने फिके रंग गडद पडतात, कधी कधी पार विझतात. म्हणून फवारा मारायचाच तर मधल्या टप्प्यावर, दीड-दोन फुटांवरून, गच्चीत किंवा गॅलरीत. शेवटची चमक त्यानंतर. पूर्ण झालेल्या चित्रावर फवारा मारू नये, असं माझं मत आहे.

भुकटी फुंकून उडवायची सवय आधी मोडा. ती थेट नाकातोंडात जाते. बोर्ड उभा धरून मागून टिचकी मारा, टेबल आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. चित्रासाठी मांडलेले पेरू धुतल्याशिवाय कुणी खाऊ नयेत, हे घरात सांगून ठेवलेलं बरं.

या पेटीचा आणखी एक कच्चा दुवा म्हणजे रंगांचा टिकाऊपणा. विद्यार्थी दर्जाच्या पेस्टलमधले गुलाबी आणि जांभळे उजेडात फिके पडण्याची शक्यता असते. शंका नको असेल तर सगळ्या ६४ रंगांचे पट्टे एका कागदावर काढा, अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि मार्च ते मे पश्चिमेच्या खिडकीत लावून ठेवा. जूनमध्ये पुठ्ठा काढल्यावर कुठल्या कांड्या सरावापुरत्या आणि कुठल्या विकायच्या चित्रात चालतील ते आपोआप कळेल. हाच पट्टा पुढे रंगतक्ता म्हणूनही कामी येतो, कारण सुट्या केल्यावर कांड्यांवर नाव-नंबर काहीच राहत नाही.

पेटीतली मांडणी रंगांप्रमाणे आहे: सगळे लाल एकीकडे, सगळे निळे एकीकडे. घरी आणल्यावर ती मोडा आणि टोनाप्रमाणे लावा. गडद डावीकडे, मधले मध्ये, फिके उजवीकडे. चित्र काढताना "मला आत्ता किती गडद हवंय" हा प्रश्न आधी यायला हवा आणि "कुठला रंग" हा नंतर. अशी लावलेली पेटी तो क्रम हाताला शिकवते. शिवाय गडदाचा कप्पा किती रिकामा आहे तेही लगेच दिसतं, आणि भरतीच्या कांड्या कुठल्या घ्यायच्या ते ठरतं. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.

क्रीम, पांढरी, गेरू आणि गडद तपकिरी या कांड्या सर्वांत आधी संपतील. संपलेली एखादी कांडी याच बनावटीची सुटी मिळणं कठीण, म्हणून तिच्या जागी थेट चांगल्या दर्जाची सुटी घ्यावी. असं करत-करत वर्ष-दीड वर्षात पेटीचा कामाचा अर्धा भाग बदलून जातो. फिरोजी आणि गुलाबी मात्र कोऱ्या राहतात. ज्यांना स्थिरचित्राबरोबर फुलं किंवा संध्याकाळचं आकाश काढायचंय त्यांना त्याही लागतील. ज्यांना फक्त भांडी आणि भाजीच काढायची आहे, त्यांनी ३२ ची पेटी घेऊन उरलेल्या पैशांत गडद सुट्या आणि दोन शीट चांगला कागद घेतला तरी चालेल. लहान मुलांना ही पेटी देऊ नये. भुकटी फार आणि हात सारखे तोंडाकडे जातात.

चित्र फ्रेमिंगला देताना दुकानदाराला दोन गोष्टी बजावून सांगा. काच चित्राला टेकता कामा नये, म्हणून जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किंवा आत लपलेली पट्टी हवी. आणि काचच हवी, ॲक्रिलिक शीट नको, तिच्यावर साचणारी स्थिर वीज भुकटी ओढून घेते. तिथपर्यंत नेताना चित्रावर ग्लासिन किंवा गुळगुळीत बटर पेपर ठेवा, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून हलणार नाही असं बांधा. दुचाकीवर मागच्याच्या मांडीवर आडवं धरून न्या. हुकाला उभी अडकवलेली पिशवी लक्ष्मी रोडवरच्या खड्ड्यांत आदळली की अर्धा पेरू बटर पेपरवर उतरलेला असतो.